वरची डावी, सुळ्यामागची

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार

आज कॉम्प्युटर आले. एक नाही, दोन. दोन वेगळ्या कंपन्यांचे, शहरातल्या खाजगी दातांच्या डॉक्टरांना विकायला म्हणून बनवलेले. आमच्या कॅम्पातल्या दवाखान्यात महिनाभर वापरून बघायचे आणि लष्कराच्या कामाचा कोणता, का कोणताच नाही, ते वर कळवायचं. त्यासाठी बोर्ड नेमलंय. मेजरसाहेब अध्यक्ष, एक सुभेदार, आणि कार्डं सांभाळणारी म्हणून मी. दुसरा क्लार्क खैरनार, त्याचं नाव नाही. सकाळपासून तोंड फुगवून बसलाय.

कंपन्यांची नावं कुठेही लिहायची नाहीत, 'अ' आणि 'ब' म्हणायचं, असा हुकूम. इथेही तेच लिहिते. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

मागची स्टोअररूम रिकामी केली. पडदे, सतरंजी, खिडकीत कूलर. चपला बाहेर काढून आत जायचं. चौदा वर्षं इथे आहे, मला कुणी कूलर दिला नाही. यंत्राला घाम येतो म्हणे.

३ फेब्रु., मंगळ

'अ'चा माणूस मुंबईचा. टाय. "मॅडम, तुमची सगळी कपाटं या एका तबकडीत मावतील."
म्हटलं, "आणि तबकडी हरवली तर?"
हसला. वरचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत. नोकरीची खोड, आधी माणसाच्या तोंडात बघते, मग तोंडाकडे.

'ब'चा माणूस बुटका, घामट, कमी बोलणारा. त्याच्यावर जास्त संशय. विकायला आलेला माणूस गप्प बसतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रु., गुरु

मे.सा.नी चाचण्या समजावून दिल्या. पेशंटांच्या तारखा, औषधांचा साठा, वगैरे. मग म्हणाले, "असली चीज़ ये नहीं है. असली चीज़ है पहचान. प्लेन जल गया, टैंक जल गया, चेहरा नहीं बचता. दाँत बचते हैं." म्हणजे सापडलेल्या दातांचं वर्णन यंत्राला द्यायचं आणि यंत्रानं कार्ड शोधून नाव सांगायचं. बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ते एकदम थांबले. त्यांना माहीत आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात ह्यांचा राखेचा डबा आला. सोबत पत्र: 'दंतनोंदीवरून ओळख पटविण्यात आली.' मी वीस वर्षांची, पोटात पाच महिन्यांची चित्रा. लग्नाला चौदा महिने झालेले, त्यातले घरी किती राहिले ते मोजायला नको. पुढे ह्यांच्या जागी म्हणून ही नोकरी दिली. तीही दातांच्या नोंदींचीच. देणाऱ्याच्या मनात काही नसेल. मी मात्र चौदा वर्षं त्या पत्रातल्या एका वाक्यावर बसून आहे. डबा मी उघडला नाही. उघडून काय कळणार होतं.

९ फेब्रु., सोम

चाचणीसाठी बंद कार्डं घ्यायची ठरलं. निवृत्त, नाव कमी झालेले, गेलेले. कामावरच्या जवानांची कार्डं कंपनीच्या माणसांना दाखवायची नाहीत. तीनशे कार्डं. मी आणि खै. टाइप करतोय, तीच तीनशे दोन्ही यंत्रांत. बोटं दुखली.

'ब'च्या माणसानं मदत म्हणून पाच कार्डं भरली आणि पाचही उलटी. कार्डावर तोंडाचा नकाशा असतो. डॉक्टर समोरून बघतो, म्हणून पेशंटची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. नवा माणूस इथे हमखास चुकतो. मीही पहिल्या वर्षी शंभर जणांचे दात इकडचे तिकडे केले होते. त्याला म्हटलं, "आरशात नका बघू, समोर माणूस उभा आहे असं समजा." त्यानं वहीत लिहून घेतलं. जरा बरा वाटला.

खै. आणि 'अ'चा टाय, दोघं कँटीनला एकत्र मिसळ खाताना दिसले. काय एवढं बोलत होते?

१२ फेब्रु., गुरु

कपाटाच्या खालच्या खणाला मी चौदा वर्षांत हात लावला नव्हता. आज तीनशे पुरे होईनात म्हणून खै.ने तोच खण ओढला आणि गठ्ठा माझ्यापुढे टाकला. बिचाऱ्याच्या लक्षात आलं नाही. नववं कार्ड ह्यांचं.

पगारे वामन भिकाजी. वरची डावी, सुळ्यामागची पहिली: काढलेली. खालच्या दोन दाढा, एकेक बाजूची: भरलेल्या. बाकी ठीक.

अक्षर डिसूझासाहेबांचं. आमचे जुने हेडक्लार्क, मला काम त्यांनीच शिकवलं, चार वर्षांपूर्वी वारले. काय सुरेख अक्षर. मी टाइप केलं. दोन्ही यंत्रांत. एकही चूक झाली नाही. घरी आल्यावर भाकरी दोनदा करपली.

एक गोष्ट दिवसभर टोचतेय. ती काढलेली दाढ मला आठवत नाही. डोळे आठवतात, मानेवरचा तीळ आठवतो. दात आठवत नाहीत. जगाची तोंडं माझ्या कपाटात आणि घरच्या माणसाचं नाही.

१४ फेब्रु., शनि

ओळखीची चाचणी. मे.सा.नी दहा तोंडांची वर्णनं दिली, नावं झाकून. 'अ' विचारलं की लगेच नाव सांगतो. टायवाला टाळी वाजवायचा तेवढा राहिला. 'ब' कुरकुर करत बसतो, मग उत्तर देतो. दहापैकी दहा दोघांचीही बरोबर.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा मी ह्यांचं वर्णन घातलं. का घातलं ते माहीत नाही. 'अ' म्हणाला: पगारे वामन भिकाजी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग 'ब'ला विचारलं. त्यानं दोन नावं दाखवली.
गोवर्धने पंढरी.
पगारे वामन भिकाजी.

मे.सा. आले तेव्हा यंत्राचा पडदा तसाच होता. म्हणाले, "ये मशीन कन्फ्यूज़ है." मलाही तेच वाटलं. बुटक्याचं यंत्र बुटक्यासारखंच.

१६ फेब्रु., सोम

यंत्र गोंधळलेलं नाही.

सकाळी लवकर जाऊन दोन्ही कार्डं काढली. नंबर लागोपाठचे. तारीख एकच, सत्तर सालची तपासणी. शाई एकच. तोंड एकच, दातास दात. वरची डावी सुळ्यामागची दोघांचीही काढलेली, त्याच दोन दाढा दोघांच्याही भरलेल्या. नवराबायकोचं एवढं जमत नाही.

मग 'अ'ची परीक्षा घेतली. दोन्ही नावं पुसली, या वेळी आधी गोवर्धने टाइप केला, मग पगारे. तेच वर्णन दिलं. 'अ' लगेच म्हणाला: गोवर्धने पंढरी. तितक्याच ठामपणे. म्हणजे हा पहिलं कार्ड सापडलं की शोधायचा थांबतो! पुढे आणखी कोण आहे ते बघतच नाही. म्हणून एवढा चपळ.

टायवाल्याला विचारलं. "मॅडम, दोन माणसांचे दात सारखे असतात का कधी?"
मी म्हटलं, "माणसांचे नसतात. कार्डांचे असतात."
त्याला कळलं नाही. खै.ला कळलं. त्यानं मान खाली घातली.

१७ फेब्रु., मंगळ

लिहून टाकते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

वार्षिक तपासणीला मैदानात दोनशे जवानांची रांग लागते. डॉक्टर तोंडात बघून भराभर बोलत जातो, क्लार्क कार्ड भरतो. दुपारी ऊन चढतं, डॉक्टरचा आवाज बसतो, एखादा जवान ड्यूटीवर म्हणून हजर नसतो, आणि संध्याकाळी गठ्ठा मात्र पुरा द्यायचा असतो. मग मागच्या कार्डावरून पुढचं भरतात. याला आमच्यात कित्ता म्हणतात. पहिल्याच आठवड्यात डिसूझासाहेबांनी सांगितलेलं, "बाई, लाइन लंबी असली की कित्ता मारायचा. दात कोण बघायला येतंय?"

मी पण मारले आहेत. दर वर्षी चार-दोन. ज्या बाईच्या नवऱ्याची ओळख दातांवरून पटवली, तिनं. तेव्हा मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तरी मारले. लाज वाटते.

तेव्हा आता प्रश्न एवढाच. रांगेत ह्यांच्याशेजारी गोवर्धने उभा होता. डॉक्टरनं तोंड कुणाचं पाहिलं आणि कित्ता कुणाचा मारला? गोवर्धनेचं खरं असेल तर ह्यांचं कार्ड खोटं. खोट्या कार्डाशी जुळवून माझ्याकडे राख पाठवली. कुणाची?

एक दाढ नाही, दोन भरलेल्या. अशी तोंडं पलटणीत पन्नास निघतील.

१८ फेब्रु., बुध

'ब'च्या माणसाला म्हटलं, तीनशेतली सारखी तोंडं सगळी काढून द्या. प्रिंटर तासभर किरकिरला. अकरा जोड्या. अक्षरावरून डिसूझासाहेबांच्या सहा, खै.च्या दोन, माझ्या तीन. बंद कार्डांत तीन. चालू कपाटात किती, देव जाणे.

कागद घेऊन बाहेर आले तर खै. दारात उभा. नामपूरचा माणूस, घाबरला की मराठी सुटून अहिराणीवर येतो.
"बाई, तो कागद फाडी टाका."
"का?"
"मना काय दोष शे? लाइन कितली लांब व्हती. तुम्हीबी मारेल शेतस ना कित्ता?"
"मारलेत."
"मग? 'अ' चांगला शे म्हनी लिखा. कोनलेच काही समजाव नही. आपलेच दात, आपलेच ओठ."

इतके दिवस मला वाटत होतं, टायवाल्यानं ह्याला फितवलंय. तसं काही नाही. ह्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं 'ब' काय बाहेर काढणार ते. माझ्याआधी. चोराच्या मनात चांदणं. माझ्याही मनात होतंच की, मीच खिडकी लावून बसले होते.

कागद फाडला नाही. पण मे.सा.नाही दिला नाही. पर्समध्ये आहे.

२० फेब्रु., शुक्र

मे.सा.चा कल 'अ'कडे आहे. सुभेदाराचाही. जलद, सुटसुटीत, एकच उत्तर. "फौज में एक जवाब चाहिए." अचूकतेवरची टीप मी लिहायची आहे. सहा तारखेपर्यंत.

कित्त्याचं कळलं तर नोकरी राहील? चित्रा यंदा दहावीला आहे. विषय बदलून टाकावासा वाटतो, पण वहीला दुसरा विषयच उरला नाही.

२२ फेब्रु., रवि. नांदगाव

सासूकडे आले. आत्या म्हणते मी त्यांना. आत्यांनी ह्यांच्या फोटोला अजून हार घालू दिलेला नाही. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतात, शेजारी ह्यांचा फोटो असाच कोरा. मी पूर्वी भांडायचे. दोनदा हार घेऊन आले, दोनदा परत नेला.

विचारलं, "आत्या, ह्यांची वरची दाढ काढली होती का? डावीकडची?"
"डावी-उजवी मला काय ठाव? पुढचा दात जरा तुटका व्हता, गोट्या खेळताना पडला व्हता."
कार्डावर तुटक्याचं काही नाही. पण थोडा टवका गेला असेल तर कुणी लिहीत नाही. मीही लिहीत नाही.
"का गं? आज पंधरा वर्षांनी दात इचारती?"
"सहज."
"सहज नाय. तुला बी शंका हाय. मी कवाची सांगती, मढं कुनी पाह्यलं? त्वांड कुनी पाह्यलं?"

पेटीतले सगळे फोटो खाली ओतले. लग्नातला, भरतीचा, युनिफॉर्ममधला, मेव्हण्याच्या सायकलवरचा. एकूण सात. सातही फोटोंत तोंड मिटलेलं. फोटो काढताना हसायचं नसतं, असं तेव्हा वाटायचं सगळ्यांना. एकदा हसले असते तर काय बिघडलं असतं? राग आला. मेलेल्या माणसावर, की जिवंत असलेल्या, तेच तर कळत नाही.

निघताना आत्या म्हणाल्या, "हार आनला न्हाईस ह्या येळेला." नाही म्हटलं.

२४ फेब्रु., मंगळ

सुभेदाराला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. पंढरी गोवर्धने जिवंत आहे. फौजेतून सुटून रेल्वेत लागला, इगतपुरीला असतो, घाट चढून आलेल्या गाड्यांचं मागचं इंजिन सोडवतात तिथे. सुभेदाराला कधीमधी स्टेशनात भेटतो.

म्हणजे सरळ आहे. जाऊन त्याच्या तोंडात बघायचं. ती दाढ काढलेली आणि त्याच दोन भरलेल्या दिसल्या तर कार्ड त्याचं, कित्ता ह्यांचा. तसं नसलं तर कार्ड ह्यांचं, आणि राखही ह्यांची, असं मला मानता येईल. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

परक्या माणसाला 'आ करा' कसं म्हणायचं?

१ मार्च, रवि. इगतपुरी

पॅसेंजरनं गेले. चि.ला मैत्रिणीकडे ठेवलं. क्वार्टर सापडायला वेळ लागला नाही, नाव सांगताच लोकांनी दाखवलं. दारात घडीची खुर्ची, त्यावर गोवर्धने. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा वाटला. मी नाव सांगितलं. उठून उभाच राहिला.
"वामनची मंडळी? या वैनी, या. अगं चा टाक, पगारेच्या वैनी आल्यात."

बोलायला लागला आणि खोडीप्रमाणे मी तोंडात बघितलं. ओठ आत गेलेले. मागे फळीवर स्टीलच्या पेल्यात पाण्यात कवळी. वरची आणि खालची, पूर्ण. मला पाहून घाईनं बसवायला गेला, मीच म्हटलं राहू द्या.
"समदे काढले वैनी. पायरिया. दोन वर्सं झाली. आता सुखानं चावतो."

एवढी उठून आले आणि एकही दात नाही. हसू आलं मला, खरंच आलं. मग रडू. त्याची बायको घाबरली, पाणी घेऊन आली.

सगळं सांगितलं त्याला. कार्ड, यंत्र, कित्ता. ऐकून घेतलं.
"त्या दिवशीची लाइन लक्षात आहे का तुमच्या?"
"लाइनी किती झाल्या वैनी. वामन म्होरं का मी म्होरं, कसं सांगू?"
"तुमची वरची डावी दाढ, सुळ्यामागची, फौजेत काढली होती का?"
"एक काढली व्हती. कोनची ते आता कोनाला ठाव? आता समद्याच गेल्या."

मग पेल्यातल्या कवळीकडे वळून बघितलं. आणि म्हणाला, "वामनची पन नव्हती एक. शिटी मारायचा ना तो तिथून."
"काय?"
"शिटी. दाताला फट व्हती, तिथून वारा सोडायचा. गार्डवरून आला की लांबूनच शिटी. समद्यांची झोपमोड."

आणि मला ऐकू आली. नांदगावच्या घराच्या गल्लीत शिरताना यायची ती शिटी, बोट न लावता, गालाच्या एका बाजूनं. आत्या ओरडायच्या, "गुरं हाकतो का?" पंधरा वर्षं ही शिटी कुठे होती? मी दात शोधत बसले होते आणि जे होतं ते कानात होतं. तिथे त्यांच्या ओट्यावर बसून मी पोट भरून रडले. बरं वाटलं.

चहा पिऊन झाला तेव्हा विचारलं, "फट कुठे होती? दाखवा ना."
त्यानं बोट लावलं. स्वतःच्या उजव्या गालावर.
"इथं."
"भाऊ, ही तुमची उजवी. तुम्ही त्याच्यासमोर बसायचात. समोरच्याची बाजू दाखवताय, की आरशासारखी?"
बोट गालावर तसंच. मग डाव्यावर नेलं. मग परत उजव्यावर. "म्हंजी... मी असा बसायचो, तो असा..." बायकोला समोर बसवून बघितलं त्यानं. शेवटी हात खाली घेतला.
"फट व्हती वैनी. एवढं खरं. कोनत्या अंगाला ते इसरलो."

फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "डावीच असंल. डावीच व्हती."
हे त्यानं आठवून सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून, हे परतीच्या गाडीत ठरवत राहिले. चांगल्या माणसाचा सुद्धा संशय येतो मला. वाईट खोड.

३ मार्च, मंगळ

चि.ला सांगितलं, तुझे बाबा शिटी मारायचे. तिनं पहिल्यांदाच ऐकलं. "आई, तू कधी सांगितलंच नाहीस!" काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं मला माहीत आहे म्हणून.
"कशी मारायचे?"
मी प्रयत्न केला. माझ्या तोंडाला फट नाही. नुसती हवा गेली. दोघी हसलो.

झोपेपर्यंत गाल चाचपत होते. मी दारात उभी, ते गल्लीतून येताहेत. ओठ एका बाजूला वळलेला. माझ्या डावीकडे की उजवीकडे? दर वेळी वेगळा दिसतो.

५ मार्च, गुरु

टीप लिहायला बसले. 'अ': जलद, दिसायला नीट, पहिलं सापडलं की थांबतो. तेव्हाही असंच झालं असेल. कुणा क्लार्कनं खण उघडला असेल, पहिलं जुळणारं कार्ड मिळालं, खण लावला. शेजारचं कार्ड बघितलं नाही. रागावता येत नाही. मीही संध्याकाळी घरी जायच्या घाईतच असते.

'ब': हळू, कटकट्या. पण शेजारचं कार्ड बघतो.

दुपारी बुटक्यानं सारखी तोंडं दुरुस्त कशी करायची ते दाखवलं. जोडी निवडायची, यंत्र विचारतं, खरं कार्ड कोणतं, १ की २? आकडा दाबला की दुसऱ्यावर 'रद्द' असा शिक्का. माझ्या तीन जोड्या मला आठवत होत्या, खऱ्याचा आकडा दाबला. खै.ला बोलावलं. आला, मुकाट्यानं त्याच्या दोन दाबल्या. डिसूझासाहेबांच्या पाच जोड्या इतर कागदांवरून सुटल्या. राहिली एक.

१. गोवर्धने. २. पगारे.

"दाबा मॅडम," बुटका म्हणाला.
"माहीत नसेल तर?"
"काहीतरी दाबावंच लागतं. नाहीतर ते पुढे जात नाही."
"शून्य दाबलं तर?"
दाबून दाखवलं. टुर्र वाजलं आणि परत तोच प्रश्न. सगळी बटणं दाबून पाहिली मी. प्रत्येकाला टुर्र.

खै. मागे उभा होता. हळूच म्हणाला, "बाई, दोन दाबी टाका. मनले शांती भेटी." त्याचं बरोबर आहे. दोन दाबलं की ह्यांचं कार्ड खरं, राख खरी, आत्यांना सांगता येईल, हार घालता येईल. एकच बटण. त्याला कोण विचारणार आहे, तुला कसं माहीत?

पण मग तोही कित्ताच झाला. या वेळी ह्यांच्यावरच.

६ मार्च, शुक्र

टीप दिली. सोबत अकरा जोड्यांचा कागद, माझ्या तिन्ही सगळ्यात वर, माझ्या सहीनं. खै.ने रात्रभर विचार करून स्वतःच्या दोनपुढे सही केली, मी म्हटलं नव्हतं. शिफारस 'ब'ची केली. चालू कपाटातली सगळी कार्डं नव्यानं तपासावीत असंही लिहिलं. नोकरीचं काय होईल ते होवो.

मे.सा.नी उभ्यानंच वाचलं. मग बसले, परत वाचलं. "मिसेस पगारे, ये ऊपर जाएगा तो सबकी पेशी होगी. मेरी भी."
"हो साहेब."
"और ये 'ब' के खिलाफ आख़िरी पॉइंट क्या है?"

तो मी मराठीत लिहिला होता, म्हणून वाचून दाखवला. 'दोन कार्डं सारखी निघाल्यास हे यंत्र एक निवडायला लावतं. खरं कोणतं ते माहीत नसल्यास तसं नोंदवायची सोय यात नाही. लष्कराच्या कामाला ती सोय लागेल.'

मे.सा.नी टीप फाइलमध्ये ठेवली, पण फाइलला नाडी बांधली नाही. पाठवणार की बदलायला लावणार, काही कळलं नाही.
मग विचारलं, "आपने कौन सा दबाया?"
"कोणतंच नाही साहेब. चालूच आहे ते."

उद्या दुपारी कंपनीची गाडी यंत्र न्यायला येणार. मे.सा.नी खोली बंद करायला सांगितली, बंद करा असं यंत्राबद्दल बोलले नाहीत. किल्ली माझ्याकडे आहे. कूलरही चालू ठेवून आलेय. पडद्यावर दोन्ही नावं आहेत आणि खाली ते विचारतंय, १ की २.